पोलादाचा गोफ

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मी कवी माणूस. बी.ए. झालो तो मराठी घेऊन. विज्ञानाशी माझा रीतसर संबंध शाळेबरोबरच संपला. त्यामुळे मी मोटारीच्या ब्रेकवर बोलणार आहे म्हटल्यावर मित्रांनी मला दोनदा विचारून घेतलं, "नक्की ब्रेकवरच ना?" होय, नक्की ब्रेकवरच. त्यातही ब्रेकच्या हातभर लांबीच्या एका नळीवर. गेल्या पावसाळ्यात या नळीवरून आमच्या घरात मोठं रामायण घडलं, आणि त्या निमित्ताने मी जे शिकलो ते तुमच्याही उपयोगाचं आहे, असं मला वाटतं.

सुरुवात झाली धाकट्या बहिणीच्या फोनने. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, पवईतल्याच एका कंपनीत संगणकाचं काम करतो. दोन वर्षांपूर्वी त्याने टर्बो इंजिनाची एक जुनी गाडी हौसेने घेतली. तिच्या बॉनेटखालचं काही ना काही तो सतत बदलत असतो. बहीण म्हणाली, "भाईजान, तुम्हीच समजवा त्याला. आता ब्रेकचे पाइप काढून लोखंडी जाळीचे पाइप घालतोय म्हणे. गाडी आधीच वाऱ्यासारखी पळते. माझं काळीज थाऱ्यावर नसतं."

मी त्याला बोलावलं. तरुण पोरांच्या गाडीवेडाबद्दल जे चार शब्द मामाने सुनवायचे असतात, ते तयारच होते. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मामू, मला वेग वाढवायचा नाही. मला भीती वाटली म्हणून बदलतोय."

मग त्याने सांगितलं. जुलैतली रात्र, धो धो पाऊस. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून, आयआयटीच्या गेटपासून गांधीनगरकडे तो उतरत होता. समोर एक मोटारसायकल घसरली. त्याने ब्रेक दाबला तर पेडल मऊ लागलं. पाय जायला हवा त्याहून खोल गेला. गाडी थांबली, पण पडलेल्या पोरापासून दोन हातांवर. "अम्मीला हे सांगितलेलं नाही," तो म्हणाला. माझे चार शब्द माझ्यापाशीच राहिले.

अब्बांचा तुकडा

मी उठलो आणि कपाटातला सुईदोऱ्याचा पत्र्याचा डबा काढला. त्यात एक काळा, चिरलेला रबरी तुकडा आहे. चाळीस वर्षं तो आमच्या घरात आहे.

माझे अब्बा टॅक्सी चालवायचे. आम्ही मूळचे मालेगावचे, आजोबा हातमागावर विणायचे. १९८४ साली ईदनंतर अब्बांनी गावाबाहेर टॅक्सी नेण्याची परवानगी काढली आणि आम्हाला मालेगावला नेऊन आणलं. परतताना कसारा घाटात, उतारावर, अब्बांचा पाय एकदम तळाला टेकला. ब्रेक गेला होता. त्यांनी गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेऊन थांबवली. अम्मीच्या कपाळाला खोक पडली. तिच्या मांडीवर माझी धाकटी बहीण होती, तिला खरचटलंही नाही. पण तो आवाज तिच्या कानांतून अजून गेलेला नाही.

पुढच्या चाकाची रबरी नळी फुटली होती. त्या टॅक्सीत चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलचा एकच मार्ग होता. एक नळी फुटली की सगळेच ब्रेक गेले. पुष्कळ वर्षांनी अब्बांनी मला सांगितलं की महिनाभर आधीच मेकॅनिकने त्यांना ती चीर दाखवली होती. "ईद झाल्यावर बदलू" म्हणून त्यांनी काम पुढे ढकललं होतं. तो तुकडा त्यांनी आठवणीसाठी ठेवला नव्हता, स्वतःला बजावण्यासाठी ठेवला होता.

भाचा तो तुकडा बराच वेळ हातात फिरवत राहिला. मग आम्ही दोघांनी ठरवलं, काय ते नीट समजून घ्यायचं आणि मगच बदलायचं.

पायापासून चाकापर्यंत

ब्रेकचं मूळ तत्त्व सतराव्या शतकातल्या ब्लेझ पास्कल या फ्रेंच विद्वानाचं. बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, की तो सगळीकडे सारखाच पोहोचतो. आपण पेडल दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ब्रेक ऑइलवर दाब देतो. तो दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो आणि तिथले मोठे दट्टे ब्रेक पॅडना फिरत्या डिस्कवर आवळतात. पूर्वी हे काम सळया आणि तारा करायच्या. एक चाक जास्त आवळलं जायचं, एक कमी, आणि गाडी एका बाजूला खेचायची. अमेरिकेत माल्कम लॉकहीड याने द्रवाच्या दाबाचा ब्रेक तयार केला आणि १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनीच्या मोटारींना तो बसला. त्याच वर्षी ड्यूसेनबर्गच्या रेसिंग गाडीने असे ब्रेक लावून फ्रान्समधली ग्रां प्री शर्यत जिंकली. म्हणजे जोरात पळणाऱ्या गाडीला आधी चांगलं थांबता आलं पाहिजे, हे शंभर वर्षांपूर्वीच लोकांना कळलं होतं.

गाडीच्या अंगाखालून जाणारी ब्रेकची बहुतेक लाइन पोलादी असते. पण चाक खालीवर होतं आणि पुढचं चाक वळतंही. तिथे कडक नळी चालत नाही, तुटेल. म्हणून शेवटच्या हातभर अंतरात लवचिक नळी लागते. आपले मेकॅनिक तिला होज पाइप म्हणतात. सगळ्या यंत्रणेत हलणारी, वाकणारी आणि ऊनपाऊस, चिखल खाणारी नळी ती हीच.

जोरात ब्रेक मारला की या नळीत शंभर बारच्या आसपास दाब होतो. समुद्रात एक किलोमीटर खोल गेल्यावर जेवढा दाब असतो, साधारण तेवढा. असा दाब पडल्यावर रबरी नळी किंचित फुगते. तुम्ही पायाने दिलेली थोडी मेहनत पॅड आवळण्याऐवजी नळी फुगवण्यात जाते.

हे "किंचित" म्हणजे किती? अमेरिकेतल्या ब्रेक-नळ्यांच्या सरकारी मानकात त्याची मर्यादा दिलेली आहे. एक अष्टमांश इंच व्यासाची साधी नळी सुमारे ६९ बार दाबाखाली दर फुटाला ०.६६ घनसेंटीमीटरपेक्षा जास्त फुगता कामा नये. आता ढोबळ हिशेब मांडू. चार चाकांच्या चार नळ्या, प्रत्येकी फूटभर धरल्या तर २.६ घनसेंटीमीटर. मास्टर सिलिंडरचा व्यास २२ मिलिमीटर धरला, तर एवढं तेल ढकलायला दट्ट्या सात मिलिमीटर सरकतो. पेडलची तरफ चारास एक धरली, तर पाय जवळजवळ एक इंच जास्त खाली जातो. ही झाली मानकातली शेवटची हद्द. चांगली नवी नळी याहून कमीच फुगते. पण नळी म्हातारी झाली की रबर मऊ पडतं, फुगवटा वाढतो आणि पायाला स्पंज दाबल्यासारखं वाटू लागतं.

रबरी नळीला मात्र कुणी कमी लेखू नये. त्याच मानकात ही नळी ७००० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारे ४८० बार दाब येईपर्यंत फुटता कामा नये आणि तिने ३५ तास सतत हेलकावे सोसले पाहिजेत, अशा परीक्षा आहेत. आणि गंमत म्हणजे रबरी नळीच्या पोटातही विणकाम असतंच. आतलं रबर आणि बाहेरचं रबर यांच्या मध्ये सुताच्या जाळीचे थर असतात. अब्बांच्या तुकड्याच्या चिरेतून ते कुजलेले धागे अजून दिसतात. इतकी वर्षं मी त्यांना रबराचे तंतूच समजत होतो. विणकराचा नातू असून मला ते ओळखता आलं नाही!

गोफ आणि नाडा

भाच्याला हवी असलेली नळी वेगळी. तिच्यात आत पीटीएफई नावाच्या प्लास्टिकची बारीक नळी असते. हे तेच, ज्याला आपण तव्यावरचं टेफ्लॉन म्हणतो. रॉय प्लंकेट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला ते ६ एप्रिल १९३८ रोजी अपघातानेच सापडलं. ते जवळपास २६० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, ब्रेक ऑइलने बिघडत नाही आणि रबरासारखं फुगत नाही. त्याच्यावर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची घट्ट वीण असते आणि चांगल्या नळीत त्या विणीवरही प्लास्टिकचं आवरण असतं. अशा नळ्या विमानांत वापरल्या गेल्या, तिथून त्या शर्यतीच्या गाड्यांत आल्या. आता आपल्याकडे चाकणला तयार होणाऱ्या काही मोटारसायकलींनाही त्या कारखान्यातूनच बसून येतात.

ही वीण मागावरच्या कापडासारखी नसते. आजोबांच्या मागावर उभा धागा आणि आडवा धागा काटकोनात भेटायचे. इथे तारा तिरक्या जातात. ज्यांनी गोव्यात शिगम्याला गोफ नाचताना पाहिला असेल, त्यांना हे लगेच कळेल. वरून रंगीत दोऱ्या सोडलेल्या असतात. प्रत्येक नाचणाऱ्याच्या हातात एक दोरी. अर्धे इकडून फिरतात, अर्धे तिकडून. एकाला वरून, दुसऱ्याला खालून ओलांडत जातात आणि मध्ये सुंदर गोफ विणला जातो. नळीला जाळी चढवणारं यंत्र नेमकं हाच नाच करतं. तारांची रिळं दोन विरुद्ध दिशांनी नागमोडी फिरतात आणि मधून पुढे सरकणाऱ्या नळीवर गोफ पडत जातो. गोफाचे नाचणारे शेवटी उलटे फिरून गोफ सोडवतात. यंत्र तेवढं करत नाही.

तारा कोणत्या तिरक्या कोनात असाव्यात, यालाही शास्त्र आहे. लेंग्याचा गोल विणीचा नाडा घ्या. ओढला की तो बारीक होतो, दोन्हीकडून आत ढकलला की जाड होतो. म्हणजे विणीचा कोन बदलला की जाडी आणि लांबी बदलते. दाब असलेली नळी एकाच वेळी जाडही होऊ पाहते आणि लांबही. पण जाड होण्याचा ताण लांब होण्याच्या ताणाच्या दुप्पट असतो. नळीच्या लांबीशी सुमारे ५४.७ अंशांचा कोन करून तारा विणल्या, तर हे दोन्ही ताण बरोबर सांभाळले जातात आणि नळी ना जाडीला वाढत ना लांबीला. दाबाच्या नळ्या विणणारे याच कोनाच्या आसपास काम करतात. आजोबांना हा आकडा माहीत नसणार, पण धागा तिरका खेचला की कापड कसं वागतं हे त्यांच्या बोटांना पक्कं ठाऊक होतं.

काय मिळतं, काय मिळत नाही

मग अशी नळी घातल्यावर गाडी कमी अंतरात थांबते का? भाच्यालाही तसंच वाटत होतं. खरं उत्तर असं, की चांगल्या, नव्या रबरी नळीच्या तुलनेत फारसा फरक पडत नाही. पेडल कडक लागतं, पाय लवकर पकडतो आणि ब्रेक किती लावायचा हे नेमकं जोखता येतं. एवढं नक्की मिळतं आणि ते कमी नाही. पण गाडी शेवटी थांबवतात ते टायर, आणि टायर व रस्ता यांच्यातली पकड.

आकडेच पाहू. ताशी १०० किलोमीटरवरून कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला साधारण ५० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर पकड कमी झाली की तेच अंतर ८० मीटरच्या घरात जातं. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरला, तर त्या सेकंदात गाडी आणखी २८ मीटर पुढे गेलेली असते. वेग दुप्पट केला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. या हिशेबात कोणतीही नळी ढवळाढवळ करू शकत नाही. झिजलेल्या टायरवर पोलादी गोफ लावणं म्हणजे फाटक्या चपलेला चांदीचं बक्कल लावण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. १४०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली, की तिची सगळी गती डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन उतरते. एवढ्या उष्णतेवर दीड लिटरहून थोडं जास्त पाणी उकळेल. पंधरा-सोळा कटिंग चहा म्हणा ना! आणि हीच गाडी घाटात ५०० मीटर खाली उतरवताना सगळा भार ब्रेकवरच टाकला, तर अशा बारा-तेरा थांबण्यांएवढी उष्णता तयार होते. म्हणून तर घाटात गिअर खाली ठेवून इंजिनाचा रोध वापरायचा असतो.

ही उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा! डॉट ३ प्रकारच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश असावा लागतो; त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की मानकातला आकडा १४० अंशांवर येतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५, आणि डॉट ५.१ चे २६० आणि १८०. तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ मात्र दबते. मग पेडल तळाला जातं आणि चाकांना काहीच कळत नाही. पोलादी जाळीची नळी इथे तुम्हाला वाचवू शकत नाही. वाचवतं ते वेळेवर बदललेलं तेल. साधारण दोन वर्षांनी ते बदलावं असा सर्वसाधारण सल्ला असतो. आणि हो, डॉट ५.१ आणि नुसतं डॉट ५ यांत गल्लत करू नका. डॉट ५ सिलिकोनचं असतं, ते बाकीच्यांत मिसळत नाही.

आयआयटीच्या पोरांचे नियम

याच लिंक रोडला लागून असलेल्या आयआयटीत मुलांचा रेसिंग संघ आहे. फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी ती मुलं दरसाल स्वतः गाडी बांधतात. २०१२ पासून ती विजेवर चालणाऱ्या गाड्या करत आली आहेत आणि इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या मैदानापर्यंत त्या नेल्या आहेत. भाच्याने मला त्या स्पर्धेचे नियम वाचून दाखवले आणि मी थक्क झालो. ब्रेकला दोन स्वतंत्र मार्ग हवेत. एक गेला तरी दुसऱ्याने किमान दोन चाकं थांबली पाहिजेत. संरक्षक वीण नसलेली प्लास्टिकची नळी चालणार नाही. शर्यतीत उतरण्याआधी परीक्षकांसमोर चारही चाकं जागच्या जागी जखडून दाखवायची. आणि पेडलच्या मागे एक खटका असतो. ब्रेक निकामी होऊन पाय नेहमीपेक्षा खोल गेला, तर तो खटका दाबला जातो आणि गाडीची ताकदच बंद होते.

तो शेवटचा नियम ऐकताना मला कसारा घाटातला अब्बांचा पाय दिसला. आज आपल्या साध्या गाड्यांतही ब्रेकचे दोन मार्ग असतात. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना चाकं जखडू न देणारी एबीएस यंत्रणाही सक्तीची आहे. यातल्या कितीतरी सोयींच्या मागे कुणाचा तरी तळाला गेलेला पाय आहे.

उस्तादांच्या हाताखाली

मग एका रविवारी आम्ही साकीविहार रस्त्याजवळच्या एका गॅरेजात गेलो. तिथले उस्ताद अब्बांना ओळखायचे. त्यांनी गाडी जॅकवर चढवली आणि पहिल्यांदा टायर पाहिले. भाच्याला म्हणाले, "बेटा, आधी पुढचे दोन टायर. मग पॅड. मग तेल. तुझी जाळी चौथ्या नंबरवर." बाटलीतलं तेल काळ्या चहासारखं झालं होतं. जुनी नळी काढून त्यांनी ती ब्लेडने उभी चिरली. बाहेरून ती धड दिसत होती, पण आतलं अस्तर सुटून भोकात लोंबत होतं. "ही नळी तेल जाऊ देते, पण परत लवकर येऊ देत नाही," ते म्हणाले. "चाक घासत राहतं, तापतं आणि तेल उकळतं." जुलैतल्या त्या रात्रीचं उत्तर बहुधा त्या चिरलेल्या नळीत आणि त्या काळ्या तेलात होतं.

नळ्या बदलायच्याच होत्या, तेव्हा नवी रबरी घालायची की जाळीची, एवढाच प्रश्न उरला. भाच्याने त्याच गाडीसाठी बनवलेल्या, टोकं कारखान्यात दाबून बसवलेल्या आणि चाचणीचा शिक्का असलेल्या नळ्या आणल्या होत्या. उस्तादांनी त्या पसंत केल्या. नळी मापाने कापून टोकं हाताने बसवून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका, असं त्यांनी बजावलं. त्यांचे आणखी काही धडे मी कागदावर उतरवून घेतले. तांब्याचे वॉशर दरवेळी नवेच वापरायचे. नळीला पीळ पडू द्यायचा नाही. आतलं प्लास्टिक एकदा मुडपलं की ती नळी बाद. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि चाक लोंबतं सोडून बघायचं, नळी कुठे ताणली जाते का, कुठे घासते का. ही तारेची वीण करवतीसारखी असते, ज्याला घासेल त्याला कापते. आणि बाहेरून चकचकीत दिसली तरी आत वाळू-चिखल शिरून नळी झिजू शकते, म्हणून दर सर्व्हिसिंगला ती तपासायची. "एकदा घातली, आता जन्मभर बघायला नको," असं समजणारा माणूस रबरी नळीवाल्यापेक्षा जास्त धोक्यात असतो.

शेवटी ब्रेकमधली हवा काढायची वेळ आली. एकाने पेडलवर बसायचं, दुसऱ्याने चाकाशी. मी पेडलवर बसलो. उस्ताद खालून ओरडत, "दाबा... धरा... सोडा." पारदर्शक नळीतून आधी बुडबुडे आले, मग काळं तेल, मग मधासारखं स्वच्छ. चारही चाकांना हे झालं. हळूहळू माझ्या पायाखालचं पेडल वर आलं आणि दगडासारखं उभं राहिलं. काही गाड्यांत एबीएसमधली हवा काढायला संगणकही जोडावा लागतो, तेव्हा हे काम घरी करून बघण्याचं नव्हे. संध्याकाळी आतल्या रिकाम्या रस्त्यावर आधी अगदी सावकाश, मग थोड्या वेगाने ब्रेक लावून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीखाली वाकून कुठे गळती नाही ना, हे तपासलं.

कायद्याचंही सांगतो. वाहनाच्या नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. ब्रेकच्या नळीची जात आरसी बुकात लिहिलेली नसते हे खरं. तरीही गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीला आणि एरवी विमा कंपनीला लेखी विचारून घेतलेलं बरं. भाच्याने पत्र पाठवून उत्तर आल्यावरच नळ्या घेतल्या होत्या. हे कळल्यावर त्याच्याबद्दलचा माझा आदर आणखी वाढला.

पुन्हा कसारा

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मालेगावला जाऊन आलो. जाण्याआधी भाच्याने अम्मीला जुलैतली गोष्ट सांगून टाकली. ती आधी रागावली, मग रडली, मग म्हणाली, "मी येते. मागे बसते."

परतताना कसारा घाट लागला. भाच्याने न सांगता गिअर खाली आणला. इंजिन घुमू लागलं आणि गाडी आपसूक आवरली. ट्रकच्या मागे तो शांतपणे राहिला, एकालाही ओव्हरटेक केलं नाही. मागच्या सीटवरून बहिणीने विचारलं, "भाईजान, ती जागा कुठली?" मी डोंगराकडे बोट दाखवलं. तिथे आता रुंद रस्ता आहे, ओळखीचं काही उरलेलं नाही. ती खिडकीतून बघत राहिली.

खाली उतरल्यावर चहाला थांबलो. भाच्याने चाकाजवळ हात नेऊन उष्णता पाहिली आणि म्हणाला, "मामू, फार तापलेलं नाही."

अब्बांचा तुकडा आता माझ्याकडे नाही. भाच्याने मागून घेतला आणि गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात, नव्या टायरच्या बिलाशेजारी ठेवला आहे. श्रोतेहो, तुमच्या गाडीला पोलादी गोफ हवाच असं मी म्हणणार नाही. पण उद्या गाडी सर्व्हिसिंगला टाकाल तेव्हा मेकॅनिकला एवढं जरूर विचारा, "ब्रेकच्या नळ्या पाहिल्यात का?" आणि त्याने एखादी चीर दाखवली, तर ती सणानंतरवर ढकलू नका.